परक्या तळ्यातले शिंपले

हार्लन क्विस्ट उन्हाळाभर तळ्यात बोटी सोडायच्या उतारावर खुर्ची टाकून बसे आणि येणारी प्रत्येक बोट तपासे. नखाएवढे पट्टेरी शिंपले बोटींना चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि एकदा शिरले की मुक्काम हलवत नाहीत, तळं नासवून टाकतात. त्या धास्तीपायी त्याने मासेमारीतला आपला जन्माचा सोबती ड्वेन याचीही बोट तळाशी ओल दिसली म्हणून अडवली.

"पावसाचं पाणी आहे रे," ड्वेन म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

ड्वेन बोट घेऊन निघून गेला. मिनेसोटातला माणूस रागावला की भांडत नाही, हवापाण्याबद्दल बोलणंही बंद करतो. तो शेजारच्या तळ्यावर जाऊ लागला. हार्लनला करमेनासं झालं, पण माघार घेईल तो हार्लन कसला.

पानगळीत, पाणी गोठायच्या आत, जो तो बोट बांधायचा आपला लाकडी धक्का पाण्यातून ओढून बाहेर काढतो. हार्लनचा धक्का स्वच्छ निघाला. मग बोट उचलून धरायचा लोखंडी सांगाडा वर आला, त्याचे पाय शिंपल्यांनी लगडलेले.

"ड्वेनचंच काम," हार्लन म्हणाला.

"तो फिरकलाय कुठं इकडं?" काठावर दोर धरून उभी असलेली त्याची बायको मार्लिस म्हणाली. "हा सांगाडा तू कुठून आणलास?"

"पलीकडच्या मोठ्या तळ्यावरून. जुना मिळाला, स्वस्तात."

"धुतलास?"

"ती काय बोट होती?"

शिंपले आपल्याच सांगाड्यावरून आले, हे हार्लनने घरोघरी जाऊन स्वतःच सांगितलं. कोणी वाकडा शब्द काढला नाही. उलट मयताच्या घरी यावं तसे शेजारी भट्टीत भाजलेले बटाटे नि मांस घेऊन दारात येऊ लागले. तळं तर गेलंच होतं.

वसंतात मासेमारीचा हंगाम उघडला तेव्हा त्याने बोट घासूनपुसून गाडीला जोडली आणि शेजारचं तळं गाठलं. वाटेत पावसाची सर आली. उतारावर ड्वेन खुर्ची टाकून बसला होता. तो उठला, वाकला आणि त्याने बोटीच्या तळावरून हात फिरवला.

"पावसाचं पाणी आहे रे," हार्लन म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

हार्लनने गाडी वळवायला घेतली. त्याला खरंच रडू येत होतं.

"बोट तिथं वर लाव नि ये," मागून ड्वेन म्हणाला. "माझ्या बोटीत जागा आहे."

हार्लन जवळजवळ पळतच खाली आला. बोटीत पाय टाकणार तोच ड्वेनने हात आडवा धरला.

"बूट काढ."

हार्लनने बूट काढले. काठावर अजून बर्फाची कड होती. तीवरून तो अनवाणी चालत गेला आणि बोटीतल्या आपल्या जुन्या जागेवर बसला.