अर्चनाचं आज एक्स्पायर होतंय

माझी धाकटी जाऊ अर्चना दूध तापवते तेव्हा गॅसवर दोन पातेली असतात. अर्धं दूध याच्यात, अर्धं त्याच्यात. "एक नासलं तर?" दोन्ही पातेल्यांत एकाच पिशवीतलं दूध आहे, नासायचं तर दोन्ही नासेल, हे मी तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शहाणपणानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वेगवेगळ्या डेअरींच्या पिशव्या आणायला सुरुवात केली.

आमच्यात तिला 'तरबाई' म्हणतात. नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. मी ते फक्त सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचवलं.

जुळे सोलापुरात एकाच मजल्यावर समोरासमोर आमचे दोन फ्लॅट आहेत. सासूबाई जेवायला माझ्याकडे, झोपायला तिच्याकडे आणि तक्रारी करायला मधल्या जिन्यात असतात. सतीश भावोजी श्रीपूरकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. ऊस गाळायचा हंगाम सुरू झाला की ते तिकडचे. महिन्यातून एखाद्या रविवारी येतात, झोपतात, जेवतात आणि जातात. म्हणजे घर, सात वर्षांची तन्वी, सासूबाईंच्या गोळ्या, ज्युनिअर कॉलेजातली नोकरी आणि ब्लॉग, हे सगळं अर्चनाच्या एकटीच्या अंगावर.

कॉलेजात ती आयटी शिकवते. शिकवताना लाइट गेली तर? म्हणून तिनं कॉम्प्युटरचा अख्खा पडदा मोठ्या पुठ्ठ्यावर रंगवून घेतला आहे. त्यावर टाचणीनं बाण सरकवून ती वर्गात माउस चालवते. पोरं म्हणतात, "मॅडमचा कॉम्प्युटर कधी हँग होत नाही, फक्त त्याला वाळवी लागते."

ब्लॉगचं नाव 'आपलं पान'. खानावळवाल्यानं, शिवणकाम करणाऱ्या बाईनं, लहान दुकानदारानं स्वतःची वेबसाइट स्वतः कशी करावी, यावर दर रविवारी एक लेख. लेख तिच्या डोक्यात तयार होतो तो भाकऱ्या करताना. त्यामुळे भाकरी हमखास करपते, पण सोलापुरात कडक भाकरीला मान आहे, म्हणून निभावतं. लेख झाला की ती मला वाचून दाखवते. "अक्का, 'मथळ्याचा रंग पानाच्या रंगात मिसळू देऊ नका', हे कळतंय ना?" मी म्हणते, छान आहे. मला त्यातलं एवढंच कळतं की तिला 'छान आहे' ऐकायचं असतं. मग ती लेख प्रसिद्ध करायचं बटण दाबते आणि लवंगी पेटवून पळावं तशी गॅलरीत पळते. दहा मिनिटं आत येत नाही. कुणी शिव्या दिल्या तर?

तर त्या दिवशी सकाळी सात वाजता ती माझ्या स्वयंपाकघरात आली. फेब्रुवारीचे दिवस, बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा, अंगावर कॉलेजची साडी आणि चेहरा पांढराफटक.

"अक्का, एक्स्पायर होतंय."

माझ्या हातातलं लाटणं पडलं. "कोण गं?"

"ब्लॉग."

ब्लॉगची जागा वर्षाच्या बोलीनं घ्यावी लागते म्हणे. मुदत संपत आली की कंपनी ईमेल पाठवते. आता हिचे ईमेल तीन. एक बंद पडला तर? सगळ्या सूचना गेल्या तिसऱ्यावर, आणि तिसऱ्याचा पासवर्ड होता दुसऱ्यात. मुदत होऊन गेली, वरचे सवलतीचे दिवसही होऊन गेले. आज संध्याकाळी पाचला कंपनी सगळं पुसून टाकणार होती. पैसे भरायचे तर बँकेचा ओटीपी जायचा भावोजींच्या फोनवर. आणि अर्चनाला साडेतीनपर्यंत परीक्षेची ड्यूटी, फोन दारातच जमा.

"तुम्हीच करा अक्का. फक्त बटण दाबायचं. ह्यांना नंबर आला की ते तुम्हाला फोनवर सांगतील, तो टाकायचा. तीन मिनिटांच्या आत."

"तीन मिनिटांत मला चष्मा सापडत नाही."

"बाकीचे लेख उडाले तरी चालतील. त्यांच्या प्रती आहेत." हे मला माहीत होतं. एक पेनड्राइव्ह गव्हाच्या डब्यात होता, एक देवघरात, एक माझ्या साड्यांच्या कपाटात. "पण त्यात एक पान आहे. त्याची प्रत नाही. ते नाही गेलं पाहिजे."

तरबाईची वस्तू, आणि तिची प्रत नाही! "कसलं पान?" मी विचारलं. तिचे डोळे भरले होते. ही उतू जाणाऱ्या दुधाला भिते, ते मी पाहिलं होतं. पण हे भिणं वेगळं होतं. मीही घाबरले आणि हो म्हणाले.

दुपारी साडेबाराला मी अर्चनाच्या घरी तिच्या लॅपटॉपसमोर बसले. अनोळखी कुत्र्याजवळ बसावं तशी, हात मागे घेऊन. भावोजींना सहा वेळा फोन केला. उचलला नाही. मग कारखान्याच्या टाइम ऑफिसला केला. मागे यंत्रांची ही घरघर!

"हॅलो, सतीश भावोजींना निरोप द्यायचाय. मी त्यांची वहिनी, सोलापूरहून."

"आत हायेत ते. मला सांगा की, काय निरोप हाय?"

"त्यांना म्हणावं, अर्चनाचं आज एक्स्पायर होतंय."

"काय म्हनलासा? अर्चना मॅडम?"

"हो, हो. एक्स्पायर." सकाळीच शिकलेला शब्द मी ऐटीत म्हटला. "त्यांना लगेच सांगा. त्यांचं आल्याशिवाय इथं पुढचं काहीच करता येत नाही. सगळे खोळंबलेत."

"अरारारा. आन् किती वाजता हाय?"

"पाचला. पाचच्या आत उरकायचंय."

"बरं. आमी बगतो सगळं. तुमी धीर धरा वैनी. म्हातारीला सांभाळा."

मी फोन ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "किती चांगली माणसं आहेत हो! साध्या ओटीपीसाठी धीर देतात."

भावोजींचा फोन काही आला नाही. बार्शीच्या नणंदेचा आला. आवाज घोगरा. "वहिनी, खरं का गं? सतीशनं कुणाच्या तरी फोनवरून सांगितलं. कसं झालं?"

मला वाटलं, भावोजींनी बहिणीलाही कामाला लावलेलं दिसतंय. "कसं म्हणजे? तिचाच निष्काळजीपणा. तीन-तीन ठेवले की असंच होतं."

"तू दगड आहेस गं वहिनी," म्हणून तिनं फोन आपटला. हिचा स्वभावच तसा, असं म्हणून मी शेंगाचटणी-भाकरी घेऊन पुन्हा लॅपटॉपसमोर बसले.

चार वाजता खाली जीप थांबली. जिन्यात बऱ्याच पावलांचा आवाज झाला. दारात भावोजी. कारखान्याच्याच कपड्यांत, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. मागं खांद्यावर टॉवेल टाकलेली चार माणसं, आणि त्यांच्यामागं आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मंडळी.

"वहिनी," भावोजी चौकट धरून म्हणाले. "कुठं ठेवलंय?"

"टेबलावर," मी म्हणाले. "बरं झालं आलात. साडेतीन तास उघडंच आहे."

भावोजी दारातच खाली बसले.

तेवढ्यात खाली अर्चनाची स्कूटर आली. साडेतीनला तिची ड्यूटी संपली होती. दाराशी माणसं, टॉवेल, जीप बघून ती काय समजायचं ते समजली. "आई!" म्हणून जिना चढत आली. "आई गेल्या का हो?"

भावोजींनी मान वर केली. मी आयुष्यात पुष्कळ चेहरे पाहिलेत, पण असा पुन्हा बघायला नको. त्यांनी उठून तिचे दोन्ही दंड धरले, आणि बघतच राहिले. ती म्हणत होती, "अहो, कसं झालं? सकाळी तर बऱ्या होत्या."

गोंगाटानं सासूबाई झोपेतून उठून बाहेर आल्या. "काय गं, कोन मेलं? मला कोनच काई सांगत न्हाय."

पुढची पाच मिनिटं मला सांगावीशी वाटत नाहीत. मी काय म्हणाले, टाइम ऑफिसनं काय ऐकलं, हे एकेकाला उलगडत गेलं. टॉवेलवाल्यांपैकी एकजण हसायला लागला, मग त्यानंच टॉवेलात तोंड घालून डोळे पुसले. मी आपली भाकरीचं ताट घेऊन उभी. खाली ठेवायचंही सुचेना.

"आणि ओटीपी?" अर्चना एकदम म्हणाली. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "अहो, फोन?"

भावोजींनी खिसे चाचपले. फोन कारखान्यात, त्यांच्या टेबलाच्या खणात राहिला होता.

नवरा दोन तास जिच्यासाठी रडत आला ती बाई आता एका पानासाठी रडकुंडीला आली होती. मला तिचा राग येणार होता, पण येईना. मीच टाइम ऑफिसला फोन लावला. तोच माणूस. मॅडम जिवंत आहेत म्हटल्यावर त्यानं देवाचे आभार मानले आणि फोन हातात धरून भावोजींच्या खणाकडं धावला. अर्चनानं बटण दाबलं.

"आला, आला! लिवा. चार, सात, सात..."

"सात का साठ?" मी ओरडले.

"सात वो! दोनदा सात!"

पहिला नंबर चुकला. दुसऱ्या वेळी यंत्रांच्या घरघरीत शेवटचे दोन आकडे वाहून गेले. तिसऱ्यांदा चुकलं की बँक दार लावून घेते, असं अर्चना पुटपुटली. मी फोन कानाला इतका दाबला की कर्णफूल रुतलं. तो माणूस शहाणा. फोन घेऊन बाहेर उसाच्या गाड्यांत गेला, बैलांच्या घंटांच्या आवाजात एकेक आकडा दोनदा म्हणाला, आणि पाचला बारा मिनिटं असताना पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं का वैनी? मॅडम बऱ्या हायेत नव्हं?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले, आणि मलाच रडू आलं.

चहा झाला. टॉवेलवाली मंडळी गेली. नणंद येईपर्यंत मला थोडा वेळ होता, म्हणून मी विचारूनच टाकलं, "आता दाखव बाई ते पान. त्याच्यापायी मी तुला मारलं."

तिनं भावोजींकडं पाहिलं. मग पासवर्ड टाकून पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'मी नसताना'.

"जेऊरला आई गेली," ती पडद्याकडं बघत म्हणाली, "तेव्हा बाबांना साखरेचा डबा सापडला नाही. आलेल्या माणसांना बिनसाखरेचा चहा दिला, आणि प्रत्येकाला माफ करा, माफ करा म्हणत फिरत होते. मला ते... म्हणून लिहून ठेवलं. घरात कागद ठेवला आणि कुणी वाचला तर? म्हणतील, हिला काय झालंय."

मी चष्मा लावला. गॅसचं पुस्तक, मीटरच्या वरच्या फळीवर. आई: रात्रीची गोळी भाकरीच्या आधी, विचारलं तर घेतली म्हणतात, पाकीट मोजायचं. तन्वी: अंधाराला भीत नाही, मिक्सरला भिते, आधी सांगून मग लावायचा. त्याखाली, अक्का: काही लागलं तर मागत नाहीत. गुडघा दुखायला लागला की भांडी आपटतात. तेव्हा कणीक मळून न्यायची.

अकरा वर्षं मी समजत होते की हिला कणकेचा अंदाज येत नाही, म्हणून उरलेली माझ्याकडं आणून टाकते.

त्याखाली होतं, सतीश. आणि पुढं काहीच नव्हतं.

भावोजींनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं काही नाही?"

"काय लिहू? तुम्हाला माझ्याशिवाय राहायची सवय आहे." टोमणा नव्हता तो. गॅसचं पुस्तक कुठं आहे हे सांगावं, तशा आवाजात ती म्हणाली.

भावोजी हळूच म्हणाले, "जीपमध्ये मनात आलं, तन्वीला शाळेतून आणायला पाहिजे. शाळा माहिती आहे. पण तुकडी? आठवेना. शेजारच्याला विचारावं, तर त्याला काय ठाऊक. मोहोळपासून इथपर्यंत तेवढंच डोक्यात. अ का ब, अ का ब."

"क," अर्चना म्हणाली.

"क," ते म्हणाले.

ती कीबोर्ड पुढं ओढायला लागली. त्यांनी तिचा हात धरला. "लिहू नको. सांग मला. पहिल्यापासून."

अर्चनानं खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला समजावते तसं सावकाश सुरू केलं. "डब्यात भेंडी चालते. वांगं चालत नाही. शनिवारी शाळा सकाळची. पांढरे बूट."

मी सासूबाईंना दंडाला धरून उठवलं, आणि दार ओढून घेताना भावोजींचा आवाज ऐकू आला.

"थांब, थांब. पेन कुठं असतं आपल्याकडं?"