‘झालं’चा मेसेज

नागपूरच्या मोठमोठ्या ऑफिसांतले कम्प्युटर मी एकमेकांशी बोलते केलेत! मग आमच्या देवरीकडच्या गावात तलावाचं पाणी वाटणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

साल २०१४. पाणी समितीच्या ऑफिसात पाळ्यांचा कम्प्युटर, तलावाच्या गेटवर मनिरामचा मोबाइल, शेतकऱ्यांच्या खिशात त्यांचे मोबाइल. तिन्ही मी जोडले. ज्याचं शेत भिजलं त्याने ‘झालं’ असा मेसेज टाकायचा. कम्प्युटर पाळी पुढे सरकवणार, मनिराम पाणी पुढच्याकडे वळवणार आणि कुणाची पाळी चालू आहे ते मोबाइलवरून समितीला कळवणार. ना भांडण, ना कटकट!

पहिली पाळी यादोरावची, दुसरी माझ्या सख्ख्या जमुनाकाकूची. तिचं धान निसवत होतं. आता पाणी चुकलं की लोंब्या पोचट, वर्षभराचा भात गेला!

यादोरावची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, भरली, तुडुंब भरली, मेसेज काही येईना. मी फोन लावला.

“यादोरावभाऊ, ‘झालं’ पाठवा ना!”

“काऊन गा? पान्याले कोनी पुरे म्हनते का? रुसते ना पानी!”

धावत गेटवर गेलो. “मनिराम, काकूकडे वळव!”

“कसा वळवू? मोबाइलात यादोरावचीच पाळी हाय. समितीले पुसा.”

समितीच्या दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या, “गेटवरच्या मोबाइलातूनबी यादोरावचाच नाव येऊन रायला ना!”

मनिराम समितीच्या भरवशावर, समिती मनिरामच्या! सगळ्यांचा मेळ इतका चोख, की खरं काय ते सांगायला कुठे जागाच उरली नव्हती. मी घाबरलो. माझ्या हुशारीपायी काकूचं धान वाळत होतं.

तेवढ्यात काकूच फावडं घेऊन निघाली. “हिमांश्या, चुलीत घाल तुया कम्प्युटर! माया धान मरून रायला!”

तिने यादोरावच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, फोडला. तो ओरडत आला, “वयनी, माया पानी!”

“तुया? बेडकं पोहून रायले तुया धानात!”

दोघं पोटभर भांडली. पाणी खाली काकूच्या बांधीत धावत होतं आणि यादोराव नुसता कुरकुरत होता, धुरा काही बुजवत नव्हता! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं पाळी अशीच सरकत आली होती. खालचा येऊन बघायचा, वरचा कुरकुरायचा, आणि ‘पुरे’ हा शब्द कुणालाच तोंडातून काढावा लागायचा नाही. मी नेमकं तेच भांडण काढून टाकलं होतं. फार वाईट वाटलं मला.

काकूच्या बांधीत घोट्याच्या वर पाणी चढलं. उरलीसुरली अब्रू वाचवायला मी म्हणालो, “काकू, तू तरी ‘झालं’ पाठव. पुढची पाळी श्यामलालची, तो वाट बघतोय.”

काकूने मोबाइल पदरात गुंडाळला. “कायची घाई हाय? आत्ता त कोठं आला पानी!”

मागे वळून बघतो तर श्यामलाल फावडं घेऊन येतच होता!

समितीच्या कम्प्युटरवर मात्र अजून यादोरावचीच पाळी चालू आहे. खोडायला गेलो, तर यादोराव माझ्याशी भांडतो.