तीन शेरांना सहा तोळे कमी

येरमाळ्याच्या बाजारात गुरलिंगअप्पांसमोर ‘पायलीभर’ हा शब्द सुटा उच्चारायची सोय नव्हती. ते हातातलं माप खाली ठेवून विचारत, “पायली कशाची?”

अप्पा बाजारातले मापाडी. धान्य मोजून मोजून त्यांना एकच गोष्ट पटली होती : माप सारखं असलं तरी वजन सारखं नसतं. पायलीभर करडई हलकी, पायलीभर ज्वारी तिच्याहून जड, आणि पायलीभर मीठ उचलताना कंबर धरते. “दाण्या-दाण्यात पोकळी किती हाय ते बघा, मास्तर,” असं ते मला बजावत. मी शाळेत मास्तर आणि त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे हा धडा मला रोज.

निजामाचं राज्य होतं. एकदा लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी वसुलीचं, धान्य गोळा करायला तहसिलीतला कारकून आला. “दस पायली अनाज नापो!”

“कशाचं, हुजूर?”

“कुछ बी!”

अप्पांनी शांतपणे करडई मोजून दिली. वजनाला बरीच कमी भरली तेव्हा कारकून लालबुंद होऊन परत आला. अप्पा हात जोडून म्हणाले, “हुजूर, म्या आधीच इचारलं व्हतं.”

गवळ्याचं तर त्यांनी जिणं हराम केलं होतं. ज्या तांब्यात शेरभर, म्हणजे ऐंशी तोळे, पाणी मावतं, त्यात दूध ब्याऐंशी तोळे भरलंच पाहिजे, हा त्यांचा कायदा. सकाळी तराजू घेऊन दारातच बसत. शेवटी गवळी आमची गल्लीच टाळायला लागला आणि मी बिनदुधाचा चहा प्यायला शिकलो. मला त्यांचा भयंकर राग यायचा, हे आता कबूल करून टाकतो.

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक गंगू बार्शीला दिलेली. बार्शी म्हणजे एका दिवसाची बैलगाडी, पण निजामाच्या सरहद्दीच्या पलीकडं. गंगूचं पहिलं बाळंतपण जवळ आलं आणि नेमक्या त्याच वेळी रझाकारांच्या धामधुमीत वाटा बंद झाल्या. नाक्यानाक्यावर पहारे बसले. अप्पांनी दोनदा गाडी जुंपली आणि दोनदा सोडली.

महिन्याभरानं कुणीतरी आडवाटेनं गंगूची चिठ्ठी आणली. मीच वाचून दाखवली. ‘मुलगी झाली. दवाखान्यात वजन केलं, सहा पौंड भरली. अप्पा, तुम्ही कधी येता?’

अप्पांनी नातीचं नावसुद्धा विचारलं नाही. “पौंड म्हंजी किती?”

“एकोणचाळीस तोळे.”

त्यांची बोटं भराभर हलली. “तीन शेरांना सहा तोळे कमी,” म्हणाले आणि उठून गेले. मी मनात म्हटलं, काय माणूस आहे! नातीचासुद्धा माल करून टाकला.

पुढं चार दिवस भिंतीपलीकडून धान्य ओतल्याचा आवाज येत होता. पाचव्या दिवशी दुपारी मला राहवेना, मी गेलो. घरभर ज्वारी आणि मीठ सांडलेलं. अप्पा घोंगडीवर मांडी घालून बसलेले आणि मांडीवर बायकोच्या जुन्या लुगड्याचं गाठोडं.

“नुसत्या ज्वारीचं लई फुगतंय, मास्तर, आन् नुसत्या मिठाचं लई बारकं व्हतंय. मंग म्या इचार केला. माणूस हिरीत पडला तर धड बुडत न्हाय, धड तरंगत न्हाय. म्हंजी त्यो पाण्याएवढाच. मंग तेवढ्याच वजनाचं पाणी घिऊन त्याचा आकार बघितला. एक शेर ज्वारी, बाकीचं मीठ. आता वजनबी बसलं आन् आकारबी बसला.”

“पण कशासाठी, अप्पा?”

त्यांनी गाठोड्यावरचा लुगड्याचा पदर सारखा केला. “वाट कवा उघडंल, काय सांगावं. तवर हातांना ठावं तर पायजे, केवढी हाय ती.”

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी हात पुढं केले. गाठीला धरून गाठोडं उचलणार, तोच अप्पा कळवळून ओरडले, “आवं मास्तर, मानंखाली हात द्या!”

मी दिला.