खालची कडी

त्या दिवशी सकाळपासून वारं पडलं होतं. लिंबाचं पान हलत नव्हतं आणि कोंबड्या सावलीवरून भांडत होत्या. अशा उन्हात आमची सूनबाई ज्योत्स्ना बारामतीला एका दवाखान्यात नोकरीचं विचारायला निघाली. मुलगा कारखान्यात ड्युटीवर. घरात उरलो मी आणि दोन वर्षांची नात, छकुली.

"आबा, आज छकुली तुमच्याकडं नीट राहिली तर नोकरी धरते, न्हायतर नको म्हणून सांगते. अंगणवाडीच्या ताई काय म्हणाल्या, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की! चूल, विळी, रॉकेल लांब ठेवायचं. आन् हौदाकडं पोर एकटं सोडायचं न्हाय."

मी आदल्या दिवशीच तयारी करून ठेवली होती. (शाळा शिकलो न्हाय, पण डोकं हाय.) शेळीला पाणी पाजायला जाताना पोरगी मागं येऊ नये, म्हणून दाराला बाहेरून नवी कडी ठोकली. माझा खांदा धरलेला, हात वर जात नाही. तेव्हा कडी बसवली आपल्या सोयीनं, गुडघ्याच्या जरा वर.

दुपारी छकुलीला घेऊन अंगणात आलो. टोपी राहिली म्हणून आत वळलो, तर मागं दार लागलं आणि कडी वाजली. खट्ट!

"छकुले, कडी काढ बाळा."

"न्हाय."

खिडकीतून बघतो तर बाईसाहेब निघाल्या हौदाकडं. काही सुचेना, म्हणून गजाला तोंड लावून शेळीसारखा ओरडलो. छकुली खिदळत माघारी आली. मी दम घ्यायला थांबलो की ती पुन्हा हौदाकडं. की मी पुन्हा शेळी. (आमची खरी शेळीसुद्धा रवंथ सोडून बघायला लागली.)

घसा बसल्यावर मी गजांतून वस्तू द्यायला लागलो. लाटणं दिलं, चाळण दिली, टोपी दिली, सूनबाईची पावडर दिली.

"आनकी!" छकुली म्हणायची. पावडर तिनं स्वतःला लावली, उरलेली कोंबडीला.

शेवटी माझा चष्मा द्यायची वेळ आली, तेवढ्यात शेजारची बनाबाई डोकावली.

"आबा, शेळीला दवाखान्यात न्या. कवापासनं आवाज बिघडलाय तिचा!"

"ती शेळी न्हाय, मी हाय! आधी पोरीला उचल!"

तिनं छकुलीला कडेवर घेतलं आणि मग दार उघडायचं सोडून पायरीवर बसून पोट धरधरून हसली. तेवढ्यात सूनबाई येऊन उभी. अंगणभर भांडी, पांढरीफेक पोरगी, पांढरीफेक कोंबडी आणि गजाआड सासरा.

"सूनबाई," मी बसक्या आवाजात म्हणालो, "पोरीवरची नजर क्षणभर हलवली न्हाय बरं का."

सूनबाईनं कडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बोलली ती बनाबाई, डोळे पुसत:

"ज्योत्स्ना, तू बिनघोर नोकरी धर. छकुली आबांना नीट सांभाळती!"