पोर्ट ऑफ स्पेनचे कादिरभाई

कादिरभाई परकारांना दुबईतला कुठलाही रस्ता विचारा, ते आधी पोर्ट ऑफ स्पेनमधला सांगायचे. मी नोकरीला लागलो त्याच दिवशी त्यांना पोस्ट ऑफिस कुठं आहे ते विचारलं.

"पोर्ट ऑफ स्पेनमध्ये काय सोपं!" ते म्हणाले. "धक्क्यावर उतर, फ्रेडरिक स्ट्रीट धर, नाकासमोर चाल. कापडाची दुकानं संपली की मोठं मैदान. खलास, पोहोचलास!"

दुबईचं पोस्ट ऑफिस मला शेवटी एका पाणीवाल्यानं दाखवलं.

पोर्ट ऑफ स्पेन म्हणजे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाची राजधानी. मला हे नाव क्रिकेटमुळं ठाऊक होतं, तेही आपण तिथं हरतो एवढ्यापुरतं. साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या देरा भागात, खाडीच्या काठावर एका जहाज एजंटाच्या कचेरीत मी टायपिस्ट होतो आणि कादिरभाई गोदामाचे मुकादम. मूळचे रत्नागिरीकडचे, वय पन्नाशीचं, अर्धा जन्म बोटीवर गेलेला. त्या काळी दुबईत रस्त्यांना नावं नव्हती. खरं तर रस्तेच जेमतेम होते. त्यामुळं कादिरभाईंचं फावायचं.

"तिथं बॉम्बे स्ट्रीट आहे, मद्रास स्ट्रीट आहे," ते ऐकवायचे. "आपली माणसं उसाच्या मळ्यांवर नेली होती ना बोटी भरभरून, त्यांची नातवंडं राहतात. दोन मऊ पुऱ्यांत चण्याची उसळ घालून कागदात देतात. कोपरापर्यंत ओघळ आला नाही तर ती खाल्ली म्हणू नये!"

एकदा तर त्यांनी गोदामातलं तेलाचं रिकामं पिंप पालथं घातलं आणि दोन लाकडी दांडक्यांनी बडवायला सुरुवात केली. तिकडं म्हणे पिंपातून सनईसारखे सूर काढतात. आमच्या पिंपातून फक्त गंज निघाला. साहेब धावत बाहेर आले. "परकार, ये गोदाम है या बँडवाले की दुकान?"

"साब, पोर्ट ऑफ स्पेन में..."

"यल्ला, काम करो!"

आम्ही हसायचो, पण माझा पहिला उन्हाळा त्या शहरानं तारला हे कबूल करायला हवं. घरचं पत्र तीन-तीन आठवडे येत नसे. दुपारी तोंड पाडून बसलो की कादिरभाई काळ्या चहाचा पेला पुढं करत. "चल लिमये, मैदानाला फेरी मारू." मग तांदळाच्या पोत्यांवर बसल्या बसल्या आम्ही सात समुद्रांपलीकडच्या मैदानाला फेरी मारायचो. कुठल्या वळणावर शहाळेवाला उभा असतो, कुठल्या घराला निळी खिडकी आहे, सगळं ते सांगत. फेरी संपेपर्यंत मला भूक लागलेली असे. परत जाण्याचा विचार मी त्या पोत्यांवरच सोडला.

त्यांचा दुसरा नाद खजुराच्या डब्याचा. दरवर्षी ताजा खजूर आला की ते एक डबा भरत, त्यावर गोणपाट शिवत आणि येईल त्या जहाजाच्या माणसांना विचारत, "पोर्ट ऑफ स्पेनला जाणार का?" कुणी बसऱ्याला निघालेलं असे, कुणी मुंबईला. रमजान आला की डबा उसवून खजूर आम्हाला वाटला जाई. पोस्टानं का पाठवत नाही, विचारलं तर म्हणत, "नको. हातातून हातात गेला पाहिजे." कचेरीनं निदान करून टाकलं होतं, की तिकडं त्यांची दुसरी बायको आहे. मीही "वहिनी कशा आहेत?" म्हणून चिडवायचो. ते नुसते हसायचे.

पाचव्या वर्षी जहाज मिळालं. एक गोवेकर स्वयंपाकी म्हणाला, आमची बोट फिरत फिरत तिथंच जाणार आहे, द्या. बोटीपर्यंत सामान नेणारा बार्ज तासाभरात सुटणार होता. कादिरभाई डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "लिमये, इंग्रजीत पत्ता लिही."

"सांगा."

"मोठं सरकारी इस्पितळ. हाडांचा वॉर्ड. झाडूवाली आजी."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी बोटीवर एक फळी पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. बोट त्यांना तिथं उतरवून निघून गेली. इस्पितळात तीन महिने काढले, त्यात एकही ओळखीचा चेहरा नाही. झाडू मारणारी म्हातारी तेवढी तुटकं हिंदी बोलायची. काम उरकलं की ती खाटेशी बसून सांगायची, आज कुठल्या रस्त्यानं आले, कुठं काय विकायला बसलं होतं.

"आणि तुम्ही? कधी फिरलात?"

"कुठला फिरतोय! बरा झालो तसं गाडीत घालून थेट धक्क्यावर नेलं. गाडीची काचसुद्धा पांढरी, बाहेरचं काही दिसेना. त्या दिवशी रविवार, तिची सुट्टी. सांगायचं राहूनच गेलं."

डावा पाय ओढत चालणारा हा माणूस मी पाच वर्षं रोज बघत होतो. पाय कशानं गेला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ती असेल ना रे अजून?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. "चिठ्ठी लिहू?"

"लिही. कादिरचा सलाम. खजूर धुऊन खा." त्यांनी डब्याची शिवण पुन्हा एकदा चाचपून पाहिली. बाहेर बार्जवाला हाका मारत होता. "आणि लिही, की पाय एकदम बरा झाला. जराही लंगडत नाही. तिला फार काळजी होती."

मी लिहिलं. अक्षर न अक्षर नीट टाइप केलं. "डबा मी पोचवतो," म्हणालो, पण त्यांनी तो माझ्या हाती दिला नाही. खांद्यावर घेतला आणि डावा पाय ओढत, जमेल तितकं भराभर, ते धक्क्याकडं निघाले.