अदबीचा ऑनलाइन अर्ज

सरकारी वेबसाइट उघडण्याआधी रशीदचाचा चपला काढतात. शर्टाचं वरचं बटण लावतात आणि मगच मोबाइलला हात लावतात. मी एकदा विचारलं, "चाचा, सायबाले तुमी दिसता का?"

"त्याले नाही दिसत. मले तर मी दिसतो ना."

चाचा आमच्या अकोल्याकडच्या मालेगावचे अर्ज लिहिणारे. तहसीलसमोर कडुलिंबाखाली टेबल टाकून त्यांनी आयुष्यभर लोकांचं म्हणणं कागदावर उतरवलं. कोरोनात कचेरीचं फाटक बंद झालं आणि सरकार मोबाइलमध्ये राहायला गेलं. 'मोबाइल नसलेला माणूस नागरिक नाही काय?' असं पत्रक मी तेव्हा लिहिलं होतं. चाचांनी ते वाचलं. "मजकूर बरोबर हाय. अदब नाही," एवढंच म्हणाले, आणि जावयाने दिलेला मोबाइल घेऊन घरच्या ओट्यावर बसले.

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात जायला ऑनलाइन पास लागायचा. शेजारच्या शांताकाकूंच्या लेकीचे अकोल्यात दिवस भरले होते. तिच्याजवळ कोणी बाईमाणूस नव्हतं. चाचांनी अर्ज भरला. नामंजूर. दुसरा भरला. तोही नामंजूर.

काकू ओट्याच्या पायरीवर बसल्या. "चाचा, पोरीचं पोट काय तुमच्या सायबासाठी थांबून राह्यलं का?"

"अदब कमी पडली असन," चाचा पुटपुटले. "आनखी टाकतो."

आणखी म्हणजे काय, ते पाहायला मी मोबाइल घेतला. प्रवासाच्या कारणाच्या रकान्यात होतं: 'माननीय साहेबांच्या सेवेशी, अर्जदार अत्यंत नम्रतापूर्वक व सविनय विनंती करते की, अर्जदार ही कायद्याचा आदर करणारी असून'. बस. रकान्यात ठरावीक अक्षरंच मावायची. पुढचं तो मुकाट्याने गिळायचा. चाचा टाइप करताना अक्षरांच्या बटणांवरून नजर हलवत नसत, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

"चाचा, यात लेक कुठं हाय?"

"खाली हाय ना."

"खाली काहीच नाही. जागा संपली. नुसतं कारण लिहा."

"नमस्कार न करता? कोनाच्या घरात असं घुसतेत काय?"

"घुसा चाचा," काकू म्हणाल्या. "माह्या नावानं घुसा."

चाचांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहिलं: 'मुलीचे बाळंतपण. जवळ आई हवी.' संध्याकाळपर्यंत पास आला. काकू गेल्या.

दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी अर्ज शोधताना चाचांच्या नंबरावरची सगळी यादी माझ्यासमोर उघडली. सगळ्यात जुना अर्ज खुद्द चाचांचा होता, अमरावतीला जाण्यासाठी. तीच नम्रता, तेच सविनय. शेवटचे शब्द: 'अर्जदाराची सख्खी बहीण'. तिथेच रकाना संपला होता. खाली शेरा: कारण नमूद नाही.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"बहीन गेली होती. मातीले जाचं होतं," चाचा म्हणाले. "मले वाटलं, अदब कमी पडली. म्हनून काकूच्या अर्जात वाढवली."

त्यांनी ती ओळ बोटाने पुढे सरकवून पाहिली. बहिणीपुढे काही नव्हतं.

आजही चाचा चपला काढतात, बटण लावतात. पण कुणी अर्जाला आलं की आधी विचारतात, "तिकडं वाट कोन पाहून राह्यलं?" ते आधी लिहितात. जागा उरली, तर सविनय.