ए वाळ्या, सांग त्याला

इरप्पाअण्णा वाळ्याच्या गवताशी बोलत. म्हणजे लाडानं नव्हे, चांगलं दरडावून. लोहाऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या शाळेत मी मास्तर होतो आणि शाळेची वाट अण्णांच्या बांधावरून जायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस कामातून गेला.

"ए वाळ्या, सांग त्याला! त्याचा बैल माझ्या तुरीकडं बघतोय म्हणावं!"

आणि बांधापलीकडून उत्तर आलं, "ए वाळ्या, सांग त्याला! असल्या तुरीला तोंड लावाया माझा बैल येडा न्हाय म्हणावं!"

पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, मलप्पा. वाटणी झाल्यावर दोघांचं बिनसलं ते बांधावरून. दर नांगरटीला बांध थोडा सरकायचा, आणि दोघंही दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायचे. शेवटी अबोला धरला. घरात अबोला असला की माणसं भिंतीला सांगतात. शेतात भिंत कुठून आणणार? अण्णांनी हद्दीवर वाळ्याची रांग लावली. हद्दही झाली आणि निरोप्याही.

त्या रांगेचं त्यांना भारी कौतुक. सोयरिकीच्या बैठकीतही गाडी वाळ्यावर यायची आणि मुलीचं नाव विचारायचं राहूनच जायचं.

"हरळी लावली असती मास्तर, तर तिनं दोघांचं बी रान खाल्लं असतं. वाळ्याला धावे फुटत न्हाईत, बी रुजत न्हाय. लावला तिथंच उभा, अन् मूळ सरळ खाली. मिरगाच्या वलीवर जुना ठोंब फोडायचा, पाती वीतभर ठिवून छाटायची, टिचभर अंतरानं दाबायचा. फट पडली की भरायची. फटीतनं पाणी जातं, अन् पाण्यामागनं भांडण."

एका उन्हाळ्यात गिरदावर आले. तेव्हा मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य होतं. गिरदावर म्हणजे महसुलाचा अंमलदार, आणि त्याचा शब्द म्हणजे हुकूमच. कचेरीच्या खिडक्यांना वाळ्याच्या मुळांचे पडदे लावायचे होते. उर्दूत वाळ्याला खस म्हणतात. "खस लाओ," एवढं फर्मावून साहेब चावडीत लवंडले. मुळं द्यायची तर सगळी रांगच उपटावी लागणार. अण्णा घरी गेले आणि एक पुडी घेऊन आले. पुडीत खसखस!

"सायेब, तुम्ही एकडाव म्हणलात, म्या दोनडाव आणलंय."

चावडीत सगळ्यांच्या आधी फिस्सकन हसला तो मलप्पा. अण्णांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी पुडी खिशात टाकली आणि घोडा दुसऱ्या गावाकडे वळवला.

मग रझाकारांची धामधूम सुरू झाली. लोक बायकापोरं घेऊन हद्दीपलीकडे सोलापूरच्या बाजूला जाऊ लागले. मलप्पाही निघाला. जाताना बांधावर येऊन म्हणाला, "ए वाळ्या, सांग त्याला, चल म्हणावं."

"ए वाळ्या, सांग त्याला, हितं रांगेला कोण बघंल म्हणावं."

एवढाच काय तो निरोप. पुढं मलप्पाची काहीच खबर आली नाही. वाटेत माणसं मारली जातात, असं कानावर यायचं. गावातली टवाळ माणसं मात्र म्हणत, म्हातारा सुटला, आता दोन्ही रानं त्याचीच.

मीही काही कमी टवाळ नव्हतो. आता भांडायला कुणी उरलं नाही, तर अण्णा करतात तरी काय, म्हणून एका सकाळी मुद्दाम तिकडे गेलो. अण्णा आपल्या बाजूला उभे होते.

"ए वाळ्या, सांग त्याला, त्याच्या बाजूची फट म्या भरली म्हणावं. तुरीचं बी टोकून ठिवलंय."

उत्तरासाठी पलीकडे कान दिला. मग काठी टेकत रांगेच्या टोकापर्यंत गेले, वळसा घातला आणि मलप्पाच्या रानात शिरले. मधूनच रांग ओलांडली नाही. तिथं कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभे राहिले. हुबेहूब मलप्पा!

आमच्याकडे कानडी वळणानं थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. इरप्पांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. वाटणीपासून फक्त सख्ख्या भावानं तशी हाक मारली नव्हती.

"ए वाळ्या," ते मलप्पाच्या आवाजात म्हणाले, "अण्णाला सांग, म्या जिता हाय म्हणावं."

आणि ते ऐकायला, तसाच वळसा घालून, ते पुन्हा आपल्या बाजूला आले.